बरं, ठेवते

३ ऑक्टोबर, सोमवार

—आणि खांद्यावरचा पट्टा निसटला. भाता उघडाच. सूर लांबत गेला, आतली हवा संपेपर्यंत. बॅग ओढत चाललेली एक बाई थांबली, कुणाला काही लागलं का ते बघायला. मी गुडघ्यावर अकॉर्डियन सावरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"थांबू नकोस, पट्ट्याचं मी बघते," आत्या म्हणाली. मी वाजवत असतानाच तिने मागून पट्टा चढवला. पोरीला शाळेत पाठवताना दप्तर चढवावं तसा.

रस्त्यावर वाजवायचा पहिला दिवस. स्टेशनसमोरची फरशी, पाठीशी बंद बँक, पुढ्यात आत्याच्या डब्याचं झाकण. कुणी हाकललं नाही. माझ्याजवळ तीन धुना आहेत, तिन्ही अंगाईच्या. येणारे-जाणारे क्षणभर ऐकतात आणि पुढे जातात. त्यांना तीन कळत नाहीत, एकच कळते, तीही अर्धी. नवशिक्याला याहून बरी जागा कुठली!

कॉलेजात मी लयीवर व्याख्यानं देते. लय खांद्याला लागते हे आज कळलं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

जागा बदलली. स्टेशनसमोर ऊन फार, आत्याला सोसत नाही. चौकापलीकडे एक छपराची गल्ली आहे. वर काच, दोन्ही बाजूंना दुकानं. आवाज घुमतो, चुकीचा सूरही भारदस्त वाटतो.

इथे एक रीत आहे. चष्मेवाल्याने सांगितली. वाजवणारा आवडला तर दुकानदार दार उघडं ठेवतात, नाही आवडला तर लोटून घेतात. बोलत कुणी नाही.

"मग तुम्ही काय करणार?" आत्याने त्याला विचारलं.

"मावशी, माझं दार बिघडलंय. ते लागतच नाही. माझं मत धरू नका."

किल्ल्या करणाऱ्याने उघडं ठेवलं. शिंपीणबाईंनी आधी लोटलं, मग शिवणयंत्राला तेल घालताना पायाने ढकलून उघडलं. फुलवालीला दारच नाही. माझ्या बरोबर समोर सलून. त्याने माझं पहिलंच गाणं ऐकलं, निदान बराच वेळ ऐकलं, मग गिऱ्हाईकाची मान सोडून दारापर्यंत आला आणि हळूच, अगदी सभ्यपणे, दार बंद केलं.

आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

५ ऑक्टोबर, बुधवार

बाकी सगळी उघडी. सलून बंद.

६ ऑक्टोबर, गुरुवार

दादाचा फोन आला. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ. आत्याला त्याच्याकडे कायमचं पोचवायचं म्हणून ही सगळी यात्रा. तिने घर विकलं, भांडी वाटून टाकली आणि मला म्हणाली, "तू सोड मला. पण सरळ नको." म्हणून आम्ही थांबत थांबत चाललो आहोत. रविवारी सकाळी तो गाडी घेऊन इथे येणार.

"खोली रंगवून झाली, आई. पलंग खिडकीशी लावलाय. पायऱ्या चढायला नकोत तुला."

"हो रे."

"आता पुरे झालं ना फिरणं?"

"हो रे बाबा."

फोन ठेवून तिने बराच वेळ चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

मग म्हणाली, "एक कर. जायच्या आधी एक गाणं पूर्ण ऐकव. शेवटपर्यंत. मग मी मुकाट्याने जाते."

मला एकाही गाण्याचा शेवट येत नाही. ही गोष्ट तिच्याइतकी कुणाला माहीत नाही. घरी वाजवताना मी फोन स्टुलावर ठेवायची आणि ती तिकडून ऐकायची. वरच्या मजल्यावरच्या काकांची काठी ठरलेल्या जागी जमिनीवर आपटायची आणि मी थांबायची. वर्षभर हेच. हातांना तेवढंच वळण. काठीच्या जागेपाशी आले की बोटं आपोआप सुरुवातीकडे वळतात.

"अंगाईला शेवट नसतोच," मी म्हटलं.

"पोर झोपतं म्हणून नसतो. इथे कोण झोपलंय?"

दुपारी धीर करून सलूनमध्ये गेले. स्वच्छ, अरुंद. दोन खुर्च्या, पैकी एकीवर वर्तमानपत्रं. सलूनवाला माझ्याच वयाचा असेल. वस्तरा चामड्यावर फिरवत होता.

"माझं वाजवणं आवडत नाही का तुम्हाला?"

"कोण म्हणतं?"

"दार."

त्याने वस्तरा खाली ठेवला. "बाई, मी गाण्यावर दाढी करतो. वडीलही तशीच करायचे. ओळ सुरू झाली की गालावरून हात खाली, ओळ संपली की उचलायचा, पुसायचा. तुमची ओळ सुरू होते. मी हात टाकतो. मग ती संपतच नाही. परवा एका माणसाच्या गळ्यापाशी वस्तरा धरून मी तुमची वाट बघत उभा होतो. त्याला घाम फुटला. मलाही."

"मग?"

"मग दार लावलं. गाणं चांगलंय. पण जिवावर बेततंय."

आत्याला हे सांगितलं. ती इतकी हसली की लॉजवाल्या बाई बघायला आल्या.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी लॉजच्या कपडे वाळत घालायच्या खोलीत बसलो. चादरींमुळे आवाज बाहेर जात नाही. मी तिसरी धून घेतली. ती आत्याला आवडते. काठीच्या जागेपर्यंत आले. बोटं वळली. पुन्हा. पुन्हा वळली. पुस्तकात शेवट छापलेला आहे, मला तो वाचता येतो. पण वाजवला की तोंडपाठ भाषणाचा शेवट वाटतो. वाक्य पूर्ण, माणूस गायब.

आत्या चादरीआडून म्हणाली, "पुस्तक मिट."

तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढली. कानाला यंत्र, समोर भोकांचा फळा, हातात वायरी. दोघं बोलत असली की तिला आतून कळायचं, आता संपणार.

"कसं कळायचं?"

"लोक 'ठेवते' म्हणायच्या आधी 'बरं' म्हणतात. त्या 'बरं'मध्ये आवाज खाली बसतो. मग एक श्वास. मग 'ठेवते'. कितीही भांडण असो, प्रेम असो, 'बरं' आल्याशिवाय फोन ठेवता येत नाही कुणाला. तुझ्या गाण्यात 'बरं' नाही. तू नुसती 'अजून सांग, अजून सांग' करतेस."

"आणि 'बरं' म्हटल्यावरही तासभर बोलणारे असतात, त्यांचं काय?"

"त्यांना पुन्हा म्हणावं लागतं. तीन तीन 'बरं' ऐकलेत मी. पण शेवटचं वेगळंच असतं, ओळखू येतं."

मी डाव्या हाताचं खालचं बटण दाबलं. जाड, खोल सूर. भाता सावकाश मिटू दिला.

"हे 'बरं' नाही, ही गाय आहे," आत्या म्हणाली.

पुन्हा.

"हे बँकेतलं 'बरं'."

पुन्हा. दुपार गेली. चादरी वाळल्या, लॉजवाल्या बाईंनी काढून नेल्या, आमच्याभोवती नुसत्या दोऱ्या राहिल्या. एकदा भाता मिटताना मी विसरलेच की मी वाजवते आहे. सूर खाली बसला. मी श्वास घेतला. मग उजव्या हाताने वरचे दोन सूर, हलके.

आत्याचा हात कानापाशी गेला होता, यंत्र उतरवायला. कानाला काहीच नव्हतं.

८ ऑक्टोबर, शनिवार

गल्लीत गर्दी. चष्मेवाला म्हणाला, "आज जरा लवकर निघा, मावशींना न्यायला मुलगा येणारे ना?" मी म्हटलं, उद्या. तो म्हणाला, "वाटेत फाटा लागेल. डावीकडे शहर, उजवीकडे बंदर. बंदरावर वाजवा कधीतरी. धक्क्यावर दारंच नाहीत, नापास कोण करणार?" आत्याने बंदर किती लांब ते विचारलं. उगाच विचारते, मला वाटलं.

सलूनचं दार अजून लागलं नव्हतं. आत एक जाडसर गिऱ्हाईक, मान मागे, फेसात बुडालेलं. सलूनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. तो थांबला, मग दार उघडं सोडून खुर्चीकडे गेला. केवढा विश्वास, आणि तोही दुसऱ्याच्या गळ्यावर!

तिसरी धून. पहिली ओळ, त्याचा हात खाली आला. ओळ संपली, हात वर. फडक्यावर पुसला. दुसरी ओळ. मी त्याच्या हाताकडे बघून वाजवत होते की तो माझ्याकडे बघून दाढी करत होता, सांगता येणार नाही. काठीची जागा आली. बोटं वळायला निघाली. वस्तरा गळ्यापाशी होता.

आणि मी गेले पुढे. चार सूर, तिथे मी याआधी कधी कुणासमोर गेलेच नव्हते. भाता भरून घेतला, खालचं बटण, आणि सूर बसू दिला. बरं. श्वास. वरचे दोन. ठेवते. भाता मिटला. मी भात्याच्या चामडी पट्ट्याचं बक्कल लावलं, टक् असा आवाज झाला. सबंध गल्लीत तेवढाच.

सलूनवाल्याने हात उचलला, वस्तरा पुसला.

शिंपीणबाईंनी टाळ्या सुरू केल्या, बोटात शिवणाचं टोपण होतं त्यामुळे टकटक. मग सगळे. किल्लीवाल्याने जुडगा हलवला. काचेच्या छपराखाली तो आवाज पावसासारखा पडत होता आणि मला ओळखीच्या एकाही उपमेची गरज वाटली नाही, तरी ही लिहिलीच.

गिऱ्हाईक दारात आलं. गळ्याला फडकं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. त्याच्या खांद्यावरून सलूनवाला म्हणाला, "बाई, दुसऱ्या गालाचं बाकी आहे. तेच वाजवा."

तेच वाजवलं. शेवटासकट. मग दिवसभर. शेवट करता येतो म्हटल्यावर सुरुवात करायची केवढी हौस येते! सगळी दारं उघडी. चष्मेवाल्याने माझं कौतुक म्हणून आपलं बिघडलेलं दार हाताने आणखी थोडं उघडलं.

आत्या स्टुलावर ताठ बसून होती. जेवताना एवढंच म्हणाली, "झालं की गं पूर्ण."

झालं. मग तिची बॅग भरली. साड्या मी घड्या केल्या, तिने उलगडून पुन्हा केल्या. बॅगेची चेन मीच ओढली. मीच तर शेवट शिकले.

९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दादा आला. अकॉर्डियन डिकीत मावेना, आत्याने ते मांडीवर घेतलं. मुकाट्याने बसली. फाट्यापाशी आल्यावर म्हणाली, "उजवीकडे घे."

"आई, घर डावीकडे आहे."

"माहीत आहे. दुसऱ्या गालाचं बाकी आहे."

दादाला काही कळलं नाही. त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं. गाडी उजवीकडे वळली.