बुजवलेली नळी

तीर्थरूप आईस,

थोरलीचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे? धाकटी अभ्यास करते की नुसती आरशापुढे असते?

विजेशिवाय भाजी थंड ठेवायचं आमच्या संस्थेचं पहिलं तळघर इथे गावात बांधून झालं. पायऱ्या उतरलं की अंगावर गारवा येतो. गवंडीकाकांनी हवेसाठी दोन नळ्या ठेवल्या होत्या, एक जमिनीलगत आणि एक छताशी. गारवा निसटेल म्हणून मी वरची बुजवायला लावली. ते म्हणाले, "पोरी, बटाटासुद्धा श्वास घेतो." मी म्हणाले, "काका, मी हे शिकून आलेय."

दमट हवा कोंडून महिन्याभरात आतल्या भिंतींना पाणी सुटलं. शेजारच्या मावशींनी तिथे पेरणीसाठी ठेवलेले चार पोती बटाटे सडले. साहेबांनी विचारलं, तेव्हा "बांधकामात काहीतरी चुकलं असेल," एवढंच मी बोलले. तेवढ्यावर पुढच्या तळघराचं काम काकांच्या हातून गेलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत गं. उलट काल हाक मारून म्हणाले, "तोंड का उतरलंय? जेवलीस ना?"

तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस, आमची पोर शिकली. तुझ्यासमोर हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिलं. आता साहेबांकडे जाऊन खरं सांगते, मग मावशींकडे जाते. नोकरी गेली तर घरी येईन. शेजारणी विचारतील, तेव्हा माझीच चूक होती असं सांग. मला वाचवायला दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नकोस.

तुझी,
थोरली