हवाघराचा काटा

६ जानेवारी १९६३, रविवार
बाबांशी आजपण बोलणं नाही. ते खालापूरच्या कचेरीत कारकून. शनिवारी येतात, सोमवारी जातात, मधल्या वेळात माझ्याकडे पाठ. कॉलेजात प्राध्यापकाच्या अंगावर पुस्तक फेकलं ते सगळ्यांना माहीत. तो आधी काय बोलला ते कोणी विचारत नाही. ठीक.

हवाघरात नोकरीला लावलं तेही बाबांनीच. कर्जतजवळ दहिवलीला नदीकाठी आप्पांचं विश्रांतिगृह, मुंबईची माणसं हवापालटाला येतात. माझी कामं दोन. पाहुण्यांचं वजन दर रविवारी काट्यावर करून वहीत लिहायचं. आणि हवाघराचा इतिहास जुन्या वह्यांतून काढायचा, आप्पांना तो छापायचाय.

आज गिरगावच्या एक मावशी आल्या, बरोबर भाची नलिनी. छातीत पाणी झालं होतं. आता बरी, पण फार वाळलीय. ऐंशी रत्तल. चढताना म्हणाली, "चपला काढू, की त्यांचंही वजन हवंय?"
उत्तर सुचलं ते घरी जेवताना.
ही वही कोणाच्या हाती पडली तर... पुढे तिला न. लिहायचं.

१३ जाने.
जुन्या वह्या. पहिला बंगला रेल्वेच्या एका साहेबाचा. मडम आजारी, माथेरानची चढण झेपेना, म्हणून खाली नदीवर बांधला. काटा मालधक्क्यावरून उचलून आणला. म्हणजे साठ वर्षं माणसं पार्सलाच्या काट्यावर चढतायत! पुढे साहेबाचे दोस्त, मग आचारी घेऊन येणारी पारशी कुटुंबं, मग शेठ लोक. साहेब गेल्यावर बंगला आप्पांच्या वडिलांनी घेतला.
मडमेचं वजन दर रविवारी. शेवटच्या पानावर तारीख, नाव. वजनाची जागा कोरी.
आप्पा म्हणाले, "ते नको घालू."
न. ब्याऐंशी.

१४ जाने., संक्रांत
न. म्हणाली, "काटेवाले, घ्या. तुम्हालाच वजनाची गरज दिसतेय."
तिळगूळ खाल्ला नाही. टेबलाच्या खणात ठेवला.

२० जाने.
मंजीबाई मोळ्या घेऊन आली. कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीची, पन्नाशीची, काटक. बोलता बोलता म्हणाली, "माजा बा मडमेची खुर्ची खांद्यावं न्यायचा. त्याला काटा नाय लागला. म्हनायचा, बाई रोज हलकी व्हतीया."
आप्पांना म्हटलं, हे इतिहासात घालतो.
"खुर्ची उचलनाऱ्यांचं कशाला रं? बसनाऱ्यांचं लिव."
भांडलो. टेबलावर हात आपटला. मग वही मिटली. नोकरी गेली तर रविवार जातो.
न. चौऱ्याऐंशी.

२७ जाने.
मावशींनी आज सांगितलं. नव्वद भरले की घरी. वैशाखात लग्न उरकायचंय. मुलाच्या आईचा निरोप आहे, मुलगी जरा भरलेली दिसू दे. न. तिथेच उभी, नखाने भिंतीचा चुना कोरत होती.
न.ला विचारलं, मुलगा पाहिलात?
"फोटो पाहिला. टोपी दिसली."
काटा सत्याऐंशी. मी मोठ्याने म्हटलं, "चौऱ्याऐंशी. जैसे थे."
दांडीवरचे आकडे माझ्या बाजूला. दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत.

३ फेब्रु.
काटा एकोणनव्वद. लिहिलं चौऱ्याऐंशी.
ती नदीत पाय सोडून बसलेली, मावशी सावलीत विणत. पलीकडे पळस पेटलाय. न.ने विचारलं, कॉलेज का सोडलं? सांगितलं सगळं, पुस्तक फेकल्याचंही.
"कुठलं पुस्तक होतं?"
आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

१० फेब्रु.
ओढ्यातले दगड निसरडे, म्हणून मंजीबाईने न.ला सरळ उचललं आणि पलीकडे ठेवलं. "पोर भरली हाय की! आली तवा सरपनाची मोळी व्हती."
मावशी म्हणाल्या, "काटा तसं म्हणत नाही हो."
मंजीबाई माझ्याकडे बघत राहिली. मी चपला काढून ओढ्यात उतरलो.
काटा एक्याण्णव. लिहिलं त्र्याऐंशी. एक रत्तल खालीच आणलं. मावशी ट्रंका आवरायच्या गोष्टी करत होत्या, म्हणून.

१५ फेब्रु., शुक्र.
मुंबईहून पत्र. स्थळ मोडलं! मुलाकडच्यांना कळलं, सहा आठवडे हवा खाऊन मुलीला वजन नाही. म्हणजे दुखणं क्षयाचंच, म्हणाले.
दुपारी पोटभर जेवलो. खोटं कशाला लिहू.
चार वाजता ती हवाघराच्या कचेरीच्या दारात आली. "काटेवाले, जुन्या वह्या वाचता ना? माझ्यासारखी होती का कोणी, खाऊनपिऊन वजन न चढणारी? तिचं पुढे काय झालं?"
मडमेचं शेवटचं पान समोरच उघडं होतं. मिटलं.
सांगायची वेळ तीच होती. तोंड उघडलं आणि म्हणालो, "इथली हवा काहींना उशिरा लागते."
ती हसली. असं हसणं नको होतं.

२४ फेब्रु.
ती जेवत नाही. ताट तसंच परत येतं. मावशी डोळे पुसतात. काटा अठ्ठ्याऐंशी. मागच्या रविवारी नव्वद होता.
आता खरंच उतरतेय. हे मी
वहीत त्र्याऐंशी.
तिचे वडील आलेत. इथलं पाणी मानवत नाही म्हणतात. येत्या रविवारी तिला मिरजेच्या दवाखान्यात नेणार.

२ मार्च, शनि.
आप्पांनी दार लावून घेतलं. काट्याच्या मागे पितळी स्क्रू आहे, मला आजवर दिसला नव्हता. "उद्या ती मंडळी निघनार. ह्याला अर्धा फेरा दे. पाहुना जाताना जड झाला पायजे. हलका गेला तर परत येत नाय."
म्हटलं, कधीपासून चाललंय हे?
"माज्या बापानं मला दावला, मी तुला दावतो."
इतिहास छापखान्यात गेलाय. त्यात माझंच वाक्य, 'येथून आजवर कोणीही हलका परतला नाही.' वह्या पाहून लिहिलं होतं, मोठ्या विश्वासाने.

३ मार्च
स्क्रूला हात लावला नाही. काटा सत्याऐंशी. मोठ्याने म्हणालो, "सत्याऐंशी!"
तिचे वडील हसले. "आठवड्यात चार रत्तल? अहो, लहानपणी मी दोनदा राहिलोय इथे. जाताना सगळेच वाढतात."
"हे खरं आहे! आधीचे आकडे चुकले होते."
"असू द्या. तुमचा काय दोष, मालक सांगतील तसं करायचं."
चुकले होते, म्हणालो. मी खोटे लिहिले, हे बाहेर पडलं नाही. भर वर्गात पुस्तक फेकणारा मी!
आप्पांनी पाठ थोपटली. कानात म्हणाले, "शिकलास रं."
न. काट्यावरून उतरली. चपला घालायला फार वेळ लावला. मग माझ्याकडे बघितलं. कळलं की नाही कळलं... टांगा वळला.

१० मार्च, होळी
पुस्तिका आली. माझं वाक्य पहिल्याच पानावर, जाड ठशात. आप्पा येईल त्याला वाटतायत.
मंजीबाई लाकडं टाकून समोर बसली. "पोरीला काय केलंस रं वसंता?"
सगळं सांगितलं. मी केलं, मी लिहिलं, असंच. ऐकून घेतलं तिने.
"मंग मला कशापायी सांगतोस? तिला सांग."
मावशी टपालासाठी मिरजेचा पत्ता ठेवून गेल्या होत्या. पत्र लिहिलं. दर रविवारचा खरा आकडा, शेजारी मी लिहिलेला. माफी मागितली नाही. प्रेमाचंही लिहिलं नाही, ते कुठल्या तोंडाने लिहू? कर्जत स्टेशनच्या पेटीत टाकलं. हात आत अडकल्यासारखा राहिला.

१७ मार्च
उत्तर नाही.
तिथेही काटा असणारच. पहिल्या दिवशीच चढवली असेल. पंचाऐंशीच्या वर भरली असेल तर मी लबाड हे तिला पत्राआधीच कळलं. कळू दे. पण न जेवता खरंच त्र्याऐंशीवर उतरली असेल तर? मग माझं पत्र कोण खरं मानणार?
बाबा दोन महिन्यांनी बोलले. "तब्येत बरी नाही का?"
सकाळी वजनं लिहायला बसलो. सवयीने तारीख घातली, तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि मग लक्षात आलं. वजनाची जागा कोरी. मडमेचं पान आणि हे पान सारखंच दिसतंय. आप्पा म्हणाले, फाड ते. फाडलं नाही.
खण उघडला. तिळगुळाला मुंग्या.
आज रविवार. टपाल नसतं.