स्टॉपर हलत नाही

बाबा, काल महूला फुटबॉलच्या मॅचमध्ये एक पाय मोडला. नडगीचं हाड. आवाज एवढा स्वच्छ आला की कडेला शेंगा फोडत बसलेल्यांचे हात थांबले. मोडणारा माझा पोरगा. म्हणजे पोटचा नव्हे, माझ्याकडे शिकतो. आपल्या छत्रीबाग मोहल्ल्यातला, एकोणीस वर्षांचा, स्टॉपर, गोलसमोर फॉरवर्डला अडवणारा. त्याला बघायला बाहेरच्या एका मोठ्या क्लबचा माणूस आला होता आणि त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं: पोरगा तयार आहे का? मी नाही म्हटलं तर ते या मोसमात दुसऱ्या कोणालातरी उचलणार, आणि या वयात हुकलेलं दार पुन्हा उघडत नाही.

तो कसा आहे हे मला झोपेतही सांगता येईल. हवेतला बॉल त्याचाच. फॉरवर्डच्या पायांकडे न बघता कंबरेकडे बघतो, म्हणून हुलकावणीला फसत नाही. डावा पाय नावालाच आहे, मागे वळायला उशीर करतो, आणि राग आला की ऐकत नाही. पण सगळ्यांत आधी मी एकच गोष्ट सांगत आलो: हा हलत नाही. अंगावर बॉल येवो नाहीतर माणूस, याची पापणी लवत नाही. तुम्हाला फार आवडला असता.

तुम्ही हे भिंतीपाशी शिकवायचात. मिलची पाळी संपवून मैदानावर आलात की तुम्ही बाबा नव्हतात, सर होतात. भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभं करायचं आणि समोरून बॉल सरळ तोंडावर मारायचा. डोळे मिटले की पुन्हा. बाकीच्यांना दोन-तीनदा, मला तुमचं समाधान होईपर्यंत. नाक फुटलं त्या दिवशी आई मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून डोकं धरून उभी आहे, कणकेच्या परातीत रक्ताचे थेंब पडताहेत, आणि तुम्ही पोहे खाता खाता म्हणताय, हाड शाबूत आहे, उगाच लाड करू नकोस. आई तवा आपटते. मला त्या वेळी तुमचा जीव घ्यावासा वाटला होता, बाबा. हे मी आईलाही कधी सांगितलं नाही.

काल पहिल्या हाफमध्ये समोरच्या टीमच्या फॉरवर्डनं याच्या तोंडावर कोपर घातलं. दात तुटला. यानं तो थुंकून टाकला, रेफरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि वाट बघत राहिला. मग बॉल केव्हाच पुढे गेलेला असताना दोन्ही पायांनी त्याच्या नडगीवर गेला. ते पोर याच्याच वयाचं. मोजा रक्तानं भिजलेला, पाय नको तिथे वाकलेला, आणि तो आईला हाका मारतोय. याला लाल कार्ड. हा शांतपणे बाहेर आला, जसं काही काम उरकलं.

मी त्याला दंडाला धरून तंबूमागे ओढत नेलं. डोकं फिरलं होतं माझं, हात उचलला. तर हा ताबडतोब नीट उभा राहिला. पाठ सरळ, हात मागे, डोळे उघडे, आणि रक्ताळलेलं तोंड जरा वर केलेलं, मला मारायला सोयीचं व्हावं म्हणून. भिंतीपाशी मी आजवर कोणालाही उभं केलेलं नाही. मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?

"घरी पप्पांसमोर असंच खडं राहावं लागतं, सर," तो म्हणाला. "हिललं की ज्यादा पडतात."

तक्रारीचा सूर नव्हता, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी जर्सी वर करायला लावली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते, जुन्यांवर नवे. मी ज्याला इतकी वर्षं त्याचा गुण म्हणत होतो, तो हा असा आला होता.

क्लबचा माणूस मागोमाग आलाच. मोडलेल्या पायानं तो उलट खूश झाला होता. असाच जल्लाद हवा म्हणत होता. त्यानं विचारलं, तैयार है?

नाही, बाबा. तयार नाही. अजून निदान एक वर्ष हवं, आणि त्याच्या रागावर उद्या आणखी कोणाचं हाड मोडलं तर ते माझ्या शब्दावर मोडेल. तुम्ही खरं तेच सांगितलं असतंत. माझ्यासाठी असाच माणूस आपल्या दारात आला होता तेव्हा तुम्ही उंबऱ्यातूनच त्याला सांगितलंत, "कच्चा आहे अजून." मी आत ऐकत होतो. तुमचं बरोबरच होतं, मी कच्चाच होतो. पण त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत मी तुमच्याच घरात राहिलो.

मी म्हणालो, "तैयार है. अभी ले जाओ. बस, इस पे हाथ कोई ना उठाए."

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यानं मान डोलावली. पोरगा अठरा ओलांडलेला, सही त्याची त्यालाच करता आली. बापाला विचारायचं कारण नव्हतं. आज सकाळी मी महूच्या दवाखान्यात जाऊन आलो. त्या दुसऱ्या मुलाच्या आईनं विचारलं, आपका लड़का था? मी हो म्हणालो आणि शिव्या ऐकून घेतल्या.

दुपारी स्टेशनवर तो पाया पडला आणि गाडीत चढला. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून खरं ते सांगतो. गाडी हलली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मला त्या पोराचा हेवा वाटला.