आखाजीच्या दिवशी वाटलेले पेले

साक्री, वैशाख शुद्ध चतुर्थी, शके १८९३

ती. सौ. अक्कास कुंदाचा साष्टांग नमस्कार.

पार्सल आखाजीच्या आदल्या दिवशी पोचलं. चाळीस स्टीलचे पेले (एक चेपलेला), नागलीचे पापड, हमाली आठ आणे. हमाल बारा मागत होता, त्याला पाणी पाजून वाटेला लावलं. दाजींना दवाखान्यात उतार पडतोय, पण रतिलालला कळवू नकोस, त्याचं काम मोडेल, असं तू लिहिलंस; तशी मी तोंड शिवून आहे. दाजींच्या नावाने रोज विष्णुसहस्रनाम चालू आहे.

तुझा रतिलाल पुण्यात अर्थशास्त्र शिकवतो (आणि इथे भाजीवाली त्याला दिवसाढवळ्या लुटते). बक्षीस लावलं की माणूस सरकारला खरं सांगतो की खोटं, हे म्हणे त्याला शोधायचंय. म्हणून घरात माणसं तितके पेले, आणि प्रश्न एकच, "आज घरात कोण कोण आहे?" विचारायला दिवस निवडला आखाजीचा, ऐन अक्षय्य तृतीयेचा! घागर भरलेली, चुलीच्या निखाऱ्यांवर आगारीचा घास पडलेला, पितर जेवायला आलेले. त्यांना घरातलं म्हणायचं नाही तर काय रस्त्यावरचं? झुलाल आप्पांकडे जिवंत तीन, पेले गेले सात.

"मावशी, पेल्यापायी मेलेली माणसं उभी केली यांनी!"

"उभी कशाला रे? पाटावर बसवलीत."

मग हट्टाने पलीकडच्या गल्लीत पेला न देता विचारलं. तिथे मेलेले जास्तच निघाले! (आता हावरट म्हणायची भीती नव्हती ना.) खोटं बोलून यांना मिळतं काय, म्हणत ओट्यावर डोकं धरून बसला.

आमच्या मामंजींचा पेला मी घागरीपाशी भरून ठेवला, वर ताटली. दुपारी ताटली जागच्या जागी, पेला कोरडा. उन्हाने आटलं असेल. सासूबाईंचा मात्र काठोकाठ तसाच. हयातीतही त्यांनी माझ्या हातचं पाणी कधी गोड मानलं नाही.

शेवटी शेजारच्या शेवंताबाईकडे गेलो. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही. तिने सासरा, दीर, जाऊ अशी सगळी सांगितली. रतिलाल बाहेर पडला तसा माझा पदर धरून हळूच म्हणते, "ह्या पोऱ्याना बाप बी उना शे. दारमा उभा शे."

मी म्हटलं, "आजी, बाप आलाय काय, भलतं बोलू नका. ह्याचे वडील जिवंत आहेत, धुळ्यात."

"तेच ते," म्हणाली. "म्हनीसन तो मझार येत नही."

जिवंत म्हणून आत येत नाही म्हणे! असो. म्हातारपण. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
कुंदा

ता. क. रतिलालला आज पहिल्या एस. टी.ने धुळ्याला पाठवतेय, हे पाकीट चिकटवून त्याच्याच हाती देऊन. उरलेले पेले आईला दे, हमाली वाचेल, एवढंच सांगितलंय. त्याला थेट दवाखान्यात ने.

ता. क. शेवंताबाईवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी तिच्या दारात, कोणी नाही असं पाहून, हात जोडून म्हटलं, "दाजी, मागे फिरा, अक्का वाट बघतेय." तेव्हा उलट टपाली उत्तर पाठव. लांबलचक नको. दाजींच्या हातची सही तेवढी असू दे.