अभय, पण ओसरीपुरते

६ नोव्हेंबर, देऊळगाव राजा
श्रीबालाजीच्या कृपेने लेखणी उचलतो. विषय : निर्वासितास संकटाकडे परत धाडू नये, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा दंडक. आपल्या शास्त्रांतील शरणागतरक्षण ते हेच. रविवारी कॉलेजच्या सेमिनारात सिद्ध करीन. विद्वान थक्क होतील.

७ नोव्हेंबर, सकाळी
व्यत्यय. नात पायल मेहकरहून बॅग घेऊन आली. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी तिला पाहावयास पाहुणे येणार. तिला एवढ्यात लग्न नको. तत्काळ अभय दिले. निबंधास जिवंत उदाहरण लाभले!

दुपारी
चिरंजीव जीवनचा फोन : "आबा, पोरीले वापस पाठवा. नुसते कांदेपोहे हायेत, जबरदस्ती नाही." म्हणजे हमी मिळाली. हमीवर विसंबून परत धाडावे काय, यावर जगभर वाद आहे. माझा कौल हमीकडे. शिवाय पायल ओसरीवर बसली आहे, उंबऱ्याच्या आत नव्हे. सीमेबाहेरच्यांची जबाबदारी कोणावर, हाही प्रश्न अनिर्णित. आणि तिने विधिपूर्वक आश्रय मागितलाच कुठे? "आबा, चार्जर हाये का?" एवढेच म्हणाली.

८ नोव्हेंबर
निर्णय सांगितला. पायल म्हणाली, "मंग निबंध कोनासाठी लिहून राह्यले तुमी?" तरुणांस संयम नाही. सौ. रुखमाबाई म्हणाली, "आधी बापानं पाठ फिरवली, आता आजानंबी." दुर्लक्ष केले. बसची वेळ सांगून पूजेस बसलो. उठलो तो दोघी नाहीत. सौ. थेट मेहकरपर्यंत पोचवावयास गेली असावी. प्रकरण सामोपचाराने मिटले.

९ नोव्हेंबर, रविवार
निबंध वाचला. टाळ्या. बाहेर येतो तो जीवनचा फोन : पायल पोचलीच नाही, पाहुणे उठून गेले, साखरपुड्याची साडी वाया गेली. साखरपुडा? हमीचे काय, विचारले. फोन बंद.

घरी चूल थंड. शेजारी शंकररावांकडे गेलो. पायल त्यांच्या माजघरात पुस्तक उघडून बसलेली, सौ. भाकरी थापत होती. शंकररावांच्या सिंधूताई दारातच म्हणाल्या, "परीक्षा होईलोक पोरगी इथंच राह्यते. जीवनले सांगनार असान, तं घरी जा. नसान, तं हात धुवा."

फार विचार केला असे म्हणवत नाही. हात धुतले.

जेवताना टाळ्यांची हकीकत सांगितली. सौ. म्हणाली, "पिठलं घ्या."

हे जो कोणी वाचील, त्याला अडल्या वेळी असे दार उघडे मिळो; आणि ते उघडण्याची बुद्धी त्याला माझ्याहून लवकर होवो. शुभं भवतु.