सगळ्यांनी मोरपंखी नेसायचं

अमरावती,
५ जानेवारी २०२५

प्रिय आत्याबाई,
सविनय जयभीम.

तुझी तब्येत बरी असेल, बाबांचा खोकला थांबला असेल आणि कानाचं यंत्र तू अजूनही डबीतच ठेवलं असशील. ते लावलं असतंस तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. फोनवर मी एक बोलते, तू दुसरंच ऐकतेस आणि व्हॉट्सअॅपवर नुसती गुलाबाची फुलं पाठवतेस. म्हणून बसले लिहायला. बसले कसली, दुकानात उभ्याउभ्याच लिहितेय. मध्ये कोणी आलं की कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवायचा, ते गेलं की पुन्हा उचलायचा.

लग्नसराईने जीव खाल्लाय. सकाळी एक नवरदेव आला होता, त्याला धोती-पॅन्टवर आखूड अचकन पाहिजे होती. सोबतचे वडील ती धोती-पॅन्ट उलटसुलट करून पाहत होते, शेवटी म्हणाले की कापड कमी पडलं काय. मग एक तहसील ऑफिसातल्या मॅडम. त्यांना सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला हातमागाची साडी हवी, भारदस्त दिसली पाहिजे पण वय वाढवणारी नको. त्यांना मी पूर्ण बाह्यांचा गडद ब्लाउज आणि बारीक काठाची साडी सुचवली, पदर निऱ्या घालून खांद्यावर लावून दिला. आरशात पाहून त्या स्वतःशीच थोड्या हसल्या. या धंद्यात मला तेवढंच आवडतं, बाकी सगळी पिनांची उसाभर. शालू ही पोरगी माझ्या हाताखाली आहे म्हणून निभतं, नाहीतर कधीच शटर ओढलं असतं.

आता लग्नाचं. तेवीस फेब्रुवारी पक्की, परतवाड्याचं कार्यालयही ठरलं. नोंदणी आदल्या आठवड्यात इथेच करू. मंडपात नितेशकडची मंगलाष्टकं नाहीत आणि आपली वंदनाही नाही. फक्त हार घालायचे आणि जेवायचं, म्हणजे कोणाचंच काही नाही. अकोल्याच्या विहारातला विधी आपण नंतर सावकाश करू, त्याची काही घाई नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. मी या लग्नाला थीम ठेवलीय. म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्या बायकांनी एकाच रंगाचं नेसायचं, मोरपंखी. पुरुषांना त्याच रंगाचा खिशातला रुमाल. हल्ली सगळीकडे असंच असतं, फोटो फार छान येतात. मी उठून दिसावी म्हणून माझा राणी रंगाचा लेहेंगा. गोदाबाई, म्हणजे नितेशच्या आई, त्यांनाही कल्पना खूप आवडली.

तर तुझ्या महिला मंडळाला सांग, लीलाबाईंना खास सांग. साडी कुठलीही चालेल, रंग मात्र तोच हवा. नमुन्याचा तुकडा सोबत ठेवते. तूसुद्धा तेच नेसायचं. पांढरं पातळ नको, एक दिवसच तर आहे. बाबांनी हो म्हटलंय, पण बाबा कशालाही हो म्हणतात. तुझं काय ते लिही.

शालू बोलावतेय, कोणाच्या तरी दुपट्ट्याची जर सुटली. संपवते.

तुझी,
दीक्षा

*

अमरावती,
२७ जानेवारी २०२५

प्रिय आत्याबाई,
जयभीम.

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. रोज उत्तर लिहायला घेते आणि रोज कोणाचं तरी माप घ्यायला उठते. काल तर दुकान बंद असताना लिहायला बसले आणि काही कारण नसताना सगळे हँगर रंगाप्रमाणे लावत राहिले. शेवटी आज शालूला दुकान सोपवून घरी आले.

पत्र वाचून आधी हसले. तुम्ही सगळ्या टेम्पो करून जुन्या कापड बाजारात गेलात, नमुन्याचा तुकडा हातोहात फिरता फिरता हरवला आणि मग प्रत्येकीने आपापल्या आठवणीतला मोरपंखी घेतला. एकीचा हिरवट, एकीचा निळा, आणि लीलाबाईंचा तर सरळ पोपटी. त्यावरून विहाराच्या ओट्यावर भांडण. आत्याबाई, हे सगळं मला डोळ्यांपुढे दिसलं.

मग तुझी शेवटची ओळ आली. तू लिहिलंयस, "आजवर आमाले काय नेसू नये तेच सगळ्यांनी सांगितलं, हौसेनं काय नेसा हे सांगणारी तूच पहिली." ते वाचल्यापासून मला बसवत नाही आणि उठवतही नाही.

परवा गोदाबाई दुकानात आल्या. साडी त्यांनी परतवाड्यातूनच आणली होती, सुंदर आहे, अगदी नमुन्याच्याच रंगाची. वीस वर्षांपूर्वीसारखा पदर मोकळा सोडायची त्यांना सवय, मी म्हटलं जरा निऱ्या बसवून बघू. मी खाली बसून निऱ्या सारख्या करत होते. त्यांनी विचारलं, अकोल्याच्या बायका नक्की हेच नेसणार ना. मी म्हटलं हो, सगळ्यांनी घेतलंसुद्धा. तर त्यांनी वाकून माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"लय मोठं काम केलं तू, बाई. आता कोनाले समजनारबी नाही."

त्या मनापासून बोलल्या, म्हणून जास्त लागलं. टोमणा मारला असता तर मी उलटून बोलले असते. तू मला ओळखतेस.

आता जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. डिसेंबरमध्ये मी नितेशबरोबर त्यांच्या घरी गेले होते. तो नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात आहे, माल बघायला गेल्यावर आमची ओळख झाली, हे तुला माहीत आहे. घरची माणसं शेतीवाडीतली, बोलायला साधी. त्यांनी मला प्रेमाने जेवू घातलं. जेवण झाल्यावर गोदाबाईंनी मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाल्या की पोरगी मला पसंत आहे, नितेशच्या वडलांनाही आहे. आडनावाची अडचण नाही, इंगळे आमच्यातही आहेत. पण तुमच्याकडच्या बायका एकसाथ पांढऱ्यात आल्या की लोकांना विचारावंही लागत नाही. आणि नवरी पांढऱ्यात, हे तर नकोच.

मी भांडले नाही. मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला वाटलं, एवढंच ना, हा तर कपड्यांचा प्रश्न आहे. माझ्याकडे लोक येतात ते कशाला? कोणाला पोट लपवायचं असतं, कोणाला उंची वाढवायची असते, कोणाला सासरच्यांपुढे श्रीमंत दिसायचं असतं. ते सगळं मी करून देते. मग परत येताना बसमध्येच मला थीम सुचली. एकाच रंगात सगळे उभे राहिले की कोण कुठलं ते उरतच नाही. कोणाला खोटं बोलायला नको, कोणाला नाही म्हणायला नको. मी माझ्यावरच खूश झाले होते. नितेशला सांगितलं तर तोही म्हणाला, किती सोपं केलंस.

म्हणजे ती हौस नव्हती, आत्याबाई. मी तुम्हाला नटवत नव्हते, झाकत होते. तुला, लीलाबाईंना, सगळ्यांना. आणि तुम्ही टेम्पो करून, भांडून, हसत तो रंग घेऊन आलात.

आता तुम्हाला "ते नेसू नका" म्हणावं तर तुमचा आनंद जातो, आणि गप्प बसावं तर मी त्या मंडपात उभी कशी राहू? बायकांना सांगायचं की नाही हे मला ठरवता येत नाही. रागव, पण लवकर लिही.

तुझी,
दीक्षा

*

अमरावती,
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्याबाई,

तुझं कार्ड मिळालं. तू माझं पत्र विहारात सगळ्यांपुढे वाचून दाखवशील असं मला वाटलं नव्हतं. शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, तुला कुठली गोष्ट हळू सांगता येते? दोघीजणी लग्नाला यायचंच नाही म्हणाल्या, ते त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागणार आहे. लीलाबाई म्हणाल्या की साडी मी हौसेनं घेतली, आता ती मी कोणाच्या भीतीनं नेसणार नाही आणि कोणाच्या रागानं ठेवणारही नाही. आणि तू लिहिलंस, "आमचं आमी पाहू. तू काय नेसतेस ते सांग."

ते कार्ड घेऊन मी दिवसभर दुकानात येरझाऱ्या घातल्या. शालूने दोनदा विचारलं की तब्येत बरी नाही का. राणी रंगाचा लेहेंगा तयार होऊन पुतळ्याला घातलेला होता. काम फार सुंदर झालंय. येणारी प्रत्येक बाई आधी त्यालाच हात लावते. संध्याकाळी मी तो उतरवला आणि गिऱ्हाइकांना दाखवायच्या कपड्यांत टांगून टाकला.

मी पांढरी साडी नेसणार आहे. मोतिया नाही, हस्तिदंती नाही, काठाला लाल लावून दोन्ही घरांना बरं वाटेल अशी नाही. मी या महिन्यात कागदावर तशा किती साड्या काढल्या असतील. सगळ्या दिसायला छान होत्या आणि सगळ्यांत मी पळ काढत होते. पांढरी म्हणजे पांढरी, जशी आई तिच्या लग्नात नेसली होती, जशी तू तुझ्या लग्नात नेसली होतीस. आणि विहारातलं नंतर नाही. बावीसला सकाळी अकोल्यात विधी, दुसऱ्या दिवशी त्याच साडीत परतवाडा. भंतेजींना विचारून ठेव.

नितेशला मी कारखान्याबाहेरच्या टपरीवर गाठून सांगितलं. त्याने चहा तसाच फळीवर ठेवला. म्हणाला, थीम तर तुझीच होती. मी म्हटलं, माझीच होती, तिचंच मला वाईट वाटतंय. मग विचारलं की विहारात येशील ना, आणि तू काय घालशील. तो म्हणाला, विहारात पांढरा सदरा घालून येईन. परतवाड्याचं त्यानं काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. आईला मीच सांगतो म्हणाला आणि मग आठवडाभर सांगितलंच नाही. रोज फोनवर आज सांगतो, उद्या सांगतो. मी रागावले, फोन बंद केला, पुन्हा चालू केला. या आठवड्यात मी दोन ब्लाउजची मापं चुकवली. लग्न मोडलं तर काय, हा विचार मी करून पाहिला. रडले, मग चेहरा धुऊन एका नवरीला नऊवारी नेसवायला गेले.

काल त्याने सांगितलं. आणि आज दुपारी गोदाबाईंचा फोन आला. मी एका मुलीचा दुपट्टा खांद्यावर बसवत होते. शालूच्या हातात पिना दिल्या आणि बाहेर आले. त्या ओरडल्या नाहीत. आवाज बसलेला होता, रडल्या असाव्यात.

"तू पांढरं नेसशीन तं सगळ्याइले समजन," त्या म्हणाल्या. "मंग मी मोरपंखी नेसून उभी राहिली, तं लोकं मलेबी अकोल्याचीच समजतीन."

आत्याबाई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तुम्हाला त्यांच्यात मिसळवायला निघाले होते. त्याच रंगात त्या तुमच्यात मिसळतात, हे त्यांना आधी कळलं.

मी म्हटलं, "समजू द्या."

 मला वाटलं आता फोन ठेवतील. त्यांनी विचारलं, "तं मंग मी काय नेसू?"

दिवसभर मला लोक हेच विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही असं कधी होत नाही. त्यांच्यासाठीही होतं. जांभळी नेसा, केशरी नेसा, वेगळ्या उठून दिसाल, कोणी गल्लत करणार नाही. जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "ते तुमीच ठरवा, आई." त्यांना आई मी आज पहिल्यांदा म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर नितेशचाही फोन नाही. तारीख कोणी मोडलेली नाही, इतकंच मला माहीत आहे.

तुम्ही या. ज्यांना पांढरं नेसायचं त्यांनी पांढरं नेसावं, लीलाबाईंनी खुशाल पोपटी नेसावी. तुला मोरपंखी आवडली असेल तर तीच नेस, आता ती तुझी आहे. गोदाबाई त्या दिवशी कुठल्या रंगात येतील आणि कोणाच्या बाजूला उभ्या राहतील, ते तिथेच कळेल. मंडपात शिरल्यावर गर्दी असेल, ओळखीचे चेहरे पटकन सापडणार नाहीत, पण मला शोधावं लागणार नाही. मी लांबूनही दिसेन.

तुझी,
दीक्षा