ढब्ब्या भुंकला नाही

मामी,

तू दूध आणायला गेलीस तेवढ्यात मागच्या गल्लीतून गाडी काढून निघतेय. रागावू नकोस. चहा झाकून ठेवलाय.

ताईकडून आणि मैत्रिणीकडूनही मी अशीच न सांगता सटकले, कारण दोन्हीकडे दारासमोर तीच पांढरी गाडी उभी होती. काचा काळ्या, आत कोण ते दिसेना. वाटलं, माझ्याच मनाचे खेळ असतील.

कुणी विचारलं तर मी इथे आलेच नव्हते. तुमचे जावई गोड बोलतील, त्यांना घरात घेऊ नकोस.

सगळे म्हणतात, कुत्रा सोबत आहे, मग कसली भीती? खरंय, ढब्ब्या परक्या माणसाला फाडून खाईल. पण आत्ता ती गाडी तुझ्या फाटकाशी थांबली, आणि हा खिडकीत उभा राहून शेपूट हलवतोय.